एनॅमलची जुनी भांडी

लोखंडाच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर काचेचा पातळ थर भाजून चढवलेली घरगुती भांडी. बघणाऱ्याला ती रंग दिलेली वाटतात, पण वरचा थर रंगाचा नसून खरोखर काचेचा असतो. या भांड्यांचे गुण आणि खोडी दोन्ही त्या काचेतूनच येतात.

वितळलेली काच पाण्यात ओतली की तडकून तिचे खडे होतात. हे खडे माती आणि पाण्यासोबत दळून खळीसारखे मिश्रण करतात. त्यात भांडे बुडवून, वाळवून साधारण ८०० अंश सेल्सियसच्या आसपास भट्टीत भाजतात. पहिल्या थरात कोबाल्टचे ऑक्साइड असते. त्यामुळे तो लोखंडाला घट्ट धरतो आणि काळपट निळा दिसतो. पांढरा किंवा रंगीत थर त्यावर बसतो. काठावर लेप पातळ बसतो आणि मारही तिथेच आधी लागतो, म्हणून काठाला बहुधा निळी वा काळी पट्टी असते.

बिडाच्या भांड्यांना आतून असा मुलामा देण्याचे काम अठराव्या शतकात जर्मनीत सुरू झाले. एकोणिसाव्या शतकात पातळ पत्रा यंत्रावर दाबून घडवता येऊ लागला आणि ही भांडी हलकी व स्वस्त झाली. अमेरिकेत सेंट लुईस येथील नीड्रिंगहाउस बंधूंची ठिपकेदार ‘ग्रॅनाइटवेअर’ १८७० च्या दशकात आली. पुढे अ‍ॅल्युमिनियम, स्टेनलेस स्टील आणि प्लॅस्टिकने त्यांची जागा घेतली.

चहाचे मग, थाळ्या, किटल्या, दुधाचे डबे, तोंड धुण्याची तसराळी, रुग्णाचे भांडे अशी घरभर त्यांची हजेरी असे. काचेला वास धरत नाही, डाग वरवर राहतो, उकळत्या पाण्याने भांडे निर्जंतुक होते; त्यामुळे रुग्णालयांनीही ती उचलली. मगाची खोड मात्र जुनीच: चहा पिण्याजोगा होण्याआधी काठ ओठ भाजतो.

भांडे पडले की पत्रा वाकतो, पण काच वाकत नाही. तिचा टवका उडतो. खालचा काळा ठिपका उघडा पडून गंजतो आणि कालांतराने तिथेच भोक पडते. पूर्वी भोकाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या चकत्या लावून मधून स्क्रू आवळत, आणि भांडे पुन्हा कामाला लागे. रिकामे भांडे आचेवर विसरणे किंवा तापलेल्यावर गार पाणी ओतणेही घातकच. करपलेले खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळून सुटते. तारेची घासणी लावली की चकाकी कायमची जाते.

काही जुन्या लेपांत शिसे, कॅडमियम वा अँटिमनी असे. अँटिमनीच्या लेपातून आंबट पेयात विष उतरल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. टवके उडालेल्या वा घडण अज्ञात असलेल्या भांड्यात म्हणूनच अन्न ठेवू नये. झाडे लावायला ती उत्तम. बुडाशी तीन बारीक काळे ठिपके दिसले तर मात्र तो टवका समजू नये. भट्टीत भांडे ज्या टोकांवर टेकवलेले असते, त्यांच्या त्या खुणा असतात.