पार्श्वभूमी : भिंतीपलीकडच्या बागेला आपलं पाणी

मार्च संपत आला की पणजीजवळच्या आमच्या पर्वरीच्या पठारावर एक दृश्य हमखास दिसतं. एका सोसायटीच्या फाटकाशी टँकर उभा असतो, आणि तिला खेटून असलेल्या सोसायटीच्या मागच्या गटारातून बऱ्यापैकी नितळ पाणी वाहत असतं. टँकर पहिलीच्या बागेसाठी. गटारातलं पाणी दुसरीच्या एसटीपीतलं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतलं, स्वतःच्या बागेला पुरून उरलेलं. मध्ये एक चिऱ्यांची भिंत.

त्या भिंतीतून दीड इंची पाइप काढायला प्लंबरला अर्धा दिवस लागतो. त्यातल्या पाण्याचा करार जुळवायला आमच्या समितीला तीन वर्षं लागली. गोव्यात हे जरा विचित्रच म्हणायचं, कारण पाणी वाटून घ्यायची इथली रीत पोर्तुगीज येण्याच्याही आधीची आहे.

१५२६ साली आफोन्सु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गावांचे रीतिरिवाज एका सनदेत लिहून काढले. फोराल म्हणून ती ओळखली जाते. गावं कशी वसली, याची परंपरेने चालत आलेली हकिकत तिच्या आरंभी आहे : चार माणसं ओसाड बेटावर आली, त्यांनी बांध घातले, जमीन लागवडीखाली आणली आणि पुढे तेच गांवकार झाले. म्हणजे गावाचा मालक कोण, तर ज्याने बांध घातला तो. या गांवकरीलाच पोर्तुगीजांनी पुढे कोमुनिदाद म्हटलं. जमीन सामायिक, वांगडांनुसार म्हणजे कुळा-घराण्यांच्या गटांनुसार हक्क, उत्पन्नातून बांधबंदिस्तीचा आणि देवळाचा खर्च वजा करायचा आणि उरेल त्याची जोण, म्हणजे गांवकारांचा वाटा, वाटायची. निर्णय एकमताने. एखाद्या गांवकाराने बैठकीत ‘नाका’ म्हटलं की विषय तिथेच अडायचा. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलं की ही प्रथा पूर्ण बंद पडली असेल असं वाटत नाही.

पाण्याचं म्हणाल, तर गांवकरीची खरी करामत खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीत दिसते. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून नदीकाठी चिखलामातीचे बांध, आणि बांधात जागोजागी मानशी. मानस म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने झडप मिटते, ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही. पण मानशीची खरी गंमत तिच्या हिशेबात आहे. दारापाशी जाळं लावून मासे धरायचा हक्क दरवर्षी पावणीला, म्हणजे लिलावाला निघायचा आणि त्या पैशांतून बांधाची डागडुजी व्हायची. पाणी सोडणं, मासे मिळणं आणि बांध राखणं हे एकाच वहीत लिहिलेलं असे. गोड्या पाण्याचंही तसंच. कुडतरीसारख्या गावांत तळ्यांचं पाणी खालच्या वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातशेतीला सुटायचं. फोंड्याकडच्या कुळागरांत, म्हणजे पोफळीच्या बागांत, झरीचं पाणी पाटाने एकाच्या पोफळीखालून दुसऱ्याच्या पोफळीखाली जायचं, पाळीपाळीने. पाट कोणी उपसायचा हे ठरलेलं असल्याशिवाय पाळी ठरत नसे.

हे सगळं गुण्यागोविंदाने चालायचं असा समज करून घेऊ नये. कूळ राबायचं आणि जोण गांवकाराला मिळायची. मुक्तीनंतर १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिलं, १९७६ च्या दुरुस्तीने त्याला मालकीची वाट मोकळी केली. ते व्हायलाच हवं होतं. खाजनाचे बांध सांभाळायची जबाबदारी मात्र कुळांच्या संघांवर आली आणि तिथे वही फाटली. मानशीची पावणी शेतीपेक्षा किफायतशीर ठरू लागली. पावणी घेणाऱ्याला मासे हवेत, म्हणजे आत खारं पाणी हवं. शेतकऱ्याला ते नको. कित्येक ठिकाणी बांध फुटले, ते फुटलेलेच राहिले आणि शेतांत खारफुटी माजली.

तोवर पाणी नळातून येऊ लागलं होतं. खांडेपार नदीवरचा ओपा प्रकल्प पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांतला. दक्षिणेत साळावली धरण झालं आणि गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव पाण्याखाली गेलं. उत्तरेत महाराष्ट्राबरोबरचा तिळारी प्रकल्प आला. आता पर्वरी ज्यात येते त्या बार्देश तालुक्यात नळाला पाणी येतं की नाही हे बरंचसं अस्नोड्याच्या प्रकल्पावर आणि तिळारीचा कालवा शाबूत आहे की नाही यावर ठरतं. कालवा फुटल्याची बातमी आली की पर्वरीत लोक आधी बादल्या भरतात, मग बातमी वाचतात. पाणी दुरून येऊ लागलं तसा शेजाऱ्याशी बोलायचा प्रसंगच उरला नाही. बांध कोणाचा, पाट कोणी उपसला, याची जागा बिलाने घेतली.

दरवर्षी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या राज्यात ही वेळ का यावी, असं बाहेरचे लोक विचारतात. हा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो आणि पठारावरचा जांभा दगड चाळणीसारखा आहे. त्यात मुरलेलं पाणी उताराच्या झरींतून निघून जातं. हाच जांभा आपल्या गोष्टीत आणखी एका कारणाने महत्त्वाचा. इमारती उठू लागल्या तेव्हा प्रत्येकीने सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा केला. खड्डा कधी भरतच नाही म्हणून लोक खूश होते. भरत नव्हता, कारण सगळं खालच्या विहिरींकडे चाललं होतं.

मलनिस्सारणाच्या सरकारी वाहिन्या मोजक्या शहरी भागांत पोचल्या. पणजीच्या टोंक इथला १२.५ एमएलडीचा, म्हणजे दिवसाला सव्वा कोटी लिटरचा प्रकल्प २००५ चा. त्याचं शुद्ध केलेलं पाणी सांतिनेजच्या नाल्यात सुटतं. पठारावरच्या वसाहतींनी आपलं आपण पाहायचं होतं. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी सक्तीची केली, आणि मंजुरीच्या अटींत एसटीपी आणि पाण्याचा फेरवापर येऊ लागला. २०१७ साली केंद्राने शुद्ध केलेल्या सांडपाण्याचे मापदंड ठरवले. बीओडी, म्हणजे पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचं माप, बहुतेक गावांसाठी लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत, महानगरांसाठी २०. २०१९ मध्ये हरित लवादाने तो १० वर आणायला सांगितलं. बिल्डरने तळघरात यंत्रणा बसवली, ताबा दिला, किल्ल्या दिल्या आणि तो पुढच्या प्रकल्पाला लागला.

आता थोडं गणित, कारण भांडणाचं मूळ त्यात आहे. शंभर सदनिका, चारशे माणसं. माणशी १३५ लिटरचं प्रमाण धरलं तर दिवसाला ५४,००० लिटर वापर. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे ४३,०००. फ्लशला माणशी ४५ लिटर, म्हणजे १८,००० परत वापरता येतं, पण त्यासाठी वेगळी नळजोडणी मुळातच असावी लागते. राहिलं २५,०००. हिरवळीला उन्हाळ्यात चौरस मीटरला पाचेक लिटर लागतं. हजार चौरस मीटरची बाग असली, आणि एवढी बाग ब्रोशरमध्येच जास्त आढळते, तरी ५,००० लिटर झाले. वीस हजार लिटर रोज उरतात. वेगळी नळजोडणी नसेल तर त्याच्या जवळजवळ दुप्पट. चार छोट्या टँकरांचं पाणी, भिंतीपलीकडे जाऊ शकणारं.

पण हे गणित चारशे माणसं घरात आहेत असं धरून आहे, आणि गोव्यात तिथेच फसगत होते. इथल्या कितीतरी सदनिका सुट्टीतल्या घरांच्या आहेत. मालक दिल्लीला किंवा मुंबईला, दाराला कुलूप, नाताळात आणि मे महिन्यात गर्दी. एसटीपीतले जिवाणू हे पाळीव जनावरासारखे असतात, त्यांना रोज ठरावीक खाणं लागतं. आठ महिने उपाशी ठेवून नाताळात एकदम पंगत वाढली की ते कोलमडतात आणि वास थेट पहिल्या मजल्यावर पोचतो. म्हणून भरलेल्या सोसायटीकडे पाणी उरतं आणि अर्धी रिकामी सोसायटी एसटीपी असूनही टँकर मागवते. असे दोन शेजारी एकमेकांना हवेत, हे कोणत्याही गांवकाराने सांगितलं असतं.

कॅलिफोर्नियाचा दाखला इथे हमखास दिला जातो. सॅन फ्रान्सिस्कोतल्या गोल्डन गेट पार्कला १९३२ पासूनच शुद्ध केलेलं सांडपाणी मिळू लागलं होतं. अर्व्हाइन रँच या भागातल्या पाणी संस्थेने १९६० च्या दशकात शेतीला आणि पुढे वसाहतींच्या बागांना असं पाणी पुरवलं, आणि त्यासाठीचा जांभळा पाइप तिथूनच रूढ झाला. तिथे घरमालकांच्या शेजारशेजारच्या संघटना एकाच वाहिनीवरून बागा भिजवतात आणि त्यांचे वाद मीटर, वेळ आणि दुरुस्तीचे असतात. पण ते पाणी एका सार्वजनिक संस्थेचं असतं, संघटना नुसत्या ग्राहक. आपल्याकडे प्रत्येक सोसायटी स्वतःच कारखानदार आणि स्वतःच ग्राहक. जांभळ्या पाइपाची नक्कल आम्ही केली खरी. हार्डवेअरवाल्याकडे तसा पाइप नव्हता, म्हणून साध्या पाइपाला जांभळा ऑइलपेंट फासला. तो पहिल्याच पावसाळ्यात सोलून निघाला.

कायदाही प्रत्येक सोसायटीला बेटच समजतो. गोवा सहकारी संस्था कायदा २००१ चा. आमच्यासारख्या देखभाल सोसायट्या त्याखाली नोंदलेल्या आहेत आणि त्यांचा सगळा संसार आपापल्या कुंपणाच्या आतला. २००२ च्या भूजल कायद्याने विहिरी, कूपनलिका आणि टँकर यांच्यावर नियंत्रण आणलं, पण त्याचा विषय जमिनीखालचं पाणी. एका सोसायटीने शुद्ध केलेलं पाणी दुसरीला दिलं तर बिघाडाला जबाबदार कोण, याचं उत्तर दोघींनी आपसात लिहून घ्यावं लागतं. त्यात सप्टेंबर २०२१ मध्ये राज्यात महिन्याला १६,००० लिटरपर्यंत नळाचं पाणी मोफत देण्याची योजना आली. पिण्याचं पाणी फुकट आणि बागेचं विकत, हे सभेत समजावून सांगणाऱ्या सचिवाची मला अजून कीव येते.

आमच्याकडे तो वाद असा झाला. खजिनदार म्हणाले, “मैला आम्ही साफ करायचा, हवा सोडणारा ब्लोअर चोवीस तास आमच्या विजेवर फिरणार, आणि हिरवळ यांची!” पलीकडचे अध्यक्ष म्हणाले, “अहो काका, तुम्ही ते गटारात सोडता. गटारातल्या पाण्याचे पैसे कसले?” दोघांचंही खरं होतं. पहिलं वर्ष शेजारधर्म म्हणून फुकट गेलं. दुसऱ्या वर्षी कार्बन फिल्टर बदलायची वेळ आली आणि शेजारधर्म आटला. तिसऱ्या वर्षी मीटर बसला. दर टँकरच्या भावावरून न ठरवता वीज, क्लोरीन आणि फिल्टर यांच्या खर्चावरून काढला, आणि वर एक ठरावीक मासिक रक्कम ठेवली, पाणी घ्या वा न घ्या. ही ठरावीक रक्कमच सगळ्यांत जास्त गाजली. माझ्या मते करारातलं तेवढंच कलम महत्त्वाचं आहे. ते म्हणजे पाट उपसण्याचा वाटा.

बाकीच्या गोष्टी बारीक असल्या तरी चुकल्या तर महागात पडतात. पलीकडच्या टाकीत आमच्या पाइपाचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वीतभर वर ठेवलंय, म्हणजे उलटं पाणी ओढलं जात नाही. त्या टाकीला नळाच्या पाण्याची जोडणी द्यायची नाही. आमच्या प्लंबरने ‘अडीअडचणीला असूं दे’ म्हणून ती दिलीच होती, सुदैवाने चाचणीच्या दिवशीच लक्षात आलं. बागेतल्या नळाची मूठ काढून माळ्याकडे ठेवलीय, कारण भाड्याच्या गाडीचे ड्रायव्हर तिथे तोंड धुवायचे. फवारे बंद केले, ठिबक घातलं, तेही पहाटे. ठिबकची भोकं बुजतात म्हणून वाळूच्या गाळणीनंतर आणखी एक जाळी लावली. तिच्यात काय अडकतं ते इथे सांगत नाही. नारळांना हे पाणी मानवलं.

एका प्रश्नावर मात्र दोन्ही समित्यांनी हात टेकलेत. जूनमध्ये मिरग लागला की बागेला थेंबही नको असतो, आणि एसटीपी तर रोज तेवढंच पाणी देते. पहिला जोराचा पाऊस झाला की पलीकडचा वॉचमन येऊन व्हॉल्व्ह बंद करतो आणि दोन्हीकडचं जास्तीचं पाणी पुन्हा गटारात जातं. गटार पठाराची कड ओलांडून साल्वादोर दु मुंदच्या उताराने तोर्ड्याच्या खाडीकडे, खालच्या खाजनाकडे उतरतं. ते पाणी पुढे सोडायचं तर ओहोटीची वाट पाहावी लागते.