चातक तहानलेला नसतो, कळलावी भांडण लावत नाही

चातक म्हणे फक्त आभाळातून पडणारा थेंबच पितो. खरं तर त्याची चोच इतर कोकीळकुळातल्या पक्ष्यांसारखीच असते आणि साठलेलं पाणी प्यायला तिला काहीच अडचण नसते. शिवाय केसाळ सुरवंट हे त्याचं आवडतं खाणं, त्यातूनही बरंच पाणी मिळतं. तो पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून येतो तो विणीसाठी. सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात तो आपलं अंडं टाकतो, तेही त्यांच्यासारखंच निळसर. दक्षिण भारतात मात्र काही चातक वर्षभर राहतात, पाऊस असो वा नसो.

कळलावी ही वेलही पावसाबरोबरच उगवते. तिच्या पानाचं टोक वळून आधाराला विळखा घालतं. सहा नागमोडी पाकळ्या आधी हिरवट, मग खाली पिवळ्या-वर लाल आणि शेवटी पूर्ण लाल होतात. ती घरात आणली की भांडणं होतात, हा समज नावातून आला. इथली ‘कळ’ म्हणजे प्रसूतीची कळ; पूर्वी कंद त्यासाठी वापरत. हा प्रयोग आज मुळीच करू नये.

चातकाबद्दलचा गैरसमज निरुपद्रवी आहे, कळलावीचा नाही. भांडणाच्या गोष्टीत खरा धोका झाकला जातो: संपूर्ण वेलीत, सर्वाधिक कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे विष असतं. इंग्रजी ‘व्ही’सारखा दुफाटी कंद रताळं किंवा कोनफळ समजून खाल्ला जातो. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, म्हणून लक्षणांची वाट न पाहता, उरलेला कंद सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावं. कंद हाताळताना हातमोजे घालावेत.