हुरडा कितपत हुरडा?

संक्रांतीची गड्डा यात्रा जवळ आली की सोलापुरात विचारणा सुरू होते, "हुरडा आला का?" आमचे शेतावरचे काका कणसातला दाणा अंगठ्यानं दाबतात आणि म्हणतात, "अजून जरा दुधाळ हाय. चार-पाच दिवसांनी या."

'जरा', 'चार-पाच' यांनी काकांचं काही अडत नाही. अडतं शाळेत शिकलेल्या संचांचं. तिथं घटक संचात असतो किंवा नसतो. त्या हिशेबानं ज्वारी एका क्षणी हुरडा नव्हती आणि पुढच्या क्षणी झाली! असा क्षण कुठल्याच रानात येत नाही.

बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले लोत्फी झादेह यांनी १९६५ साली 'फझी सेट' म्हणजे धूसर संच मांडला. त्यात प्रत्येक घटकाला ० ते १ मधलं सदस्यत्व मिळतं. दुधाळ दाणा ०.३ हुरडा, लुसलुशीत भरलेला १, टणक होऊ लागलेला ०.४, भाकरीच्या पिठाला गेलेला ०. आलेख चढतो, माथ्यावर थांबतो, उतरतो.

हे ०.३ म्हणजे तीस टक्के शक्यता नव्हे. गल्लत होते ती इथंच. न बघता कणीस तोडलं तर ते कोवळं निघेल का, हा शक्यतेचा प्रश्न. दाणा तोंडात टाकला की तो मिटतो. सदस्यत्व मात्र चावून पाहिल्यावरही ०.३च राहतं, कारण धूसरपणा आपल्या माहितीत नाही, 'हुरडा' या शब्दातच आहे.

अशा अंदाजांची बेरीजही होते. शेत गाठायला अर्ध्या तासाच्या आसपास: कमीत कमी २५, बहुधा ३०, फार तर ४५ मिनिटं. आगटी पेटून निखारे व्हायला १०, १५, २०. जागच्या जागी मिळवा: ३५, ४५, ६५. एकच ठोक आकडा सांगण्यापेक्षा हे तिन्ही सांगणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

१९७० च्या दशकात लंडनमध्ये इब्राहिम ममदानी यांनी "दाब थोडा जास्त असेल तर..." अशा बोलीतल्या, धूसर संचांच्या नियमांवर वाफेचं छोटं इंजिन चालवून दाखवलं. १९८७ मध्ये जपानमधल्या सेंदाईची भुयारी रेल्वे याच तर्कानं वेग आणि ब्रेक सांभाळू लागली.

पण आलेखाचा माथा कुठं, हे गणित सांगत नाही. ते जाणकाराला विचारावं लागतं. मी काकांसमोर वही धरली. पाचव्या दिवशी मी लिहिलेला १ त्यांनी खोडला आणि सातव्या दिवसावर नेला. थंडी वाढली होती.