नळाची मूठ बदलणे

नळाची मूठ म्हणजे तोटी उघडायला-मिटायला हाताने फिरवायचा भाग. ती फुटली, ढिली झाली किंवा नुसतीच गरगर फिरू लागली, तर नळ जागचा न काढता तेवढीच बदलता येते. पाणी अडवण्याचे काम मात्र मुठीचे नसते. मूठ आतला स्पिंडल (दांडा) फिरवते आणि पाणी अडते ते वायसरने, किंवा पाव फेऱ्यात मिटणाऱ्या नव्या नळांत सिरॅमिकच्या चकत्यांनी. त्यामुळे टपटप थांबावी म्हणून मूठ बदलणे व्यर्थ आहे.

नागपुरात महापालिकेचे पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हान या नद्यांचे. बोअर किंवा विहिरीचे पाणी सहसा त्याहून जड (दुष्फेन) असते. पिण्याच्या पाण्याच्या आय. एस. १०५०० या भारतीय मानकात एकूण कठिणता (म्हणजे हाच जडपणा) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. असले जड पाणी वर्षानुवर्षे वाहिले की स्पिंडलवर क्षारांचा पांढरा थर बसतो, नळ जाम होतो, माणूस जोर लावतो आणि मुठीच्या आतले दाते झिजतात. अंगणातल्या प्लास्टिकच्या मुठी तर वैशाखाच्या उन्हाने आधीच ठिसूळ झालेल्या असतात. म्हणून जुनी मूठ निघाल्यावर स्पिंडल पान्याने हलक्या हाताने फिरवून पाहावा. तो जड जात असेल, तर आधी त्याचाच बंदोबस्त करावा. नाहीतर नवी मूठही त्याच वाटेने जाते.

काम सुरू करण्यापूर्वी बेसिनखालचा अँगल कॉक (पाणी बंद करायची छोटी तोटी) किंवा टाकीचा वॉल बंद करावा आणि मोरीच्या जाळीवर फडके टाकावे, कारण स्क्रू हमखास तिथेच पडतो. मुठीवरचे लाल-निळे बटण नखाने किंवा चाकूच्या टोकाने उचकले की खाली स्क्रू दिसतो. काही मुठींना तो बाजूला, ॲलन (षट्कोनी) किल्लीचा असतो. स्क्रू काढून मूठ सरळ वर ओढावी. क्षाराने धरलेली असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके थोडा वेळ गुंडाळावे, पण रात्रभर ठेवू नये, क्रोमचा मुलामा खराब होतो. पेचकसाची तरफ करून मूठ उपटू नये. खालचे बेसिन तडकते.

नवी मूठ घेताना लोक नळाचा रंग आणि घाट सांगतात, तेवढ्यावर जोड जमत नाही. जुन्या तोट्यांचा स्पिंडल बऱ्याचदा चौकोनी असतो, नव्यांचा दातेरी. दाते १८, २० किंवा २४ असू शकतात आणि एकाचा फरकही चालत नाही. नागपुरात इतवारीतल्या लोहाओळीत किंवा घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात जाताना जुनी मूठ स्क्रूसकट खिशात न्यावी. दाते पूर्ण झिजले असतील, तर स्पिंडलचाच फोटो काढून न्यावा. बसवताना नळ मिटलेला ठेवून मूठ हवी त्या दिशेला धरावी, मगच स्क्रू आवळावा.