नांदीचं नाटक झालं

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीच्या मांडवापुढचा हिंदी गाण्यांचा कार्यक्रम आठवतो आणि सिंफनी म्हणजे त्याचाच सुटाबुटातला भाऊ, असा समज होतो. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सुरू झालेल्या ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’च्या नावात तर दोन्ही शब्द शेजारीशेजारी बसलेत. पण ऑर्केस्ट्रा म्हणजे वादकांचा ताफा आणि सिंफनी म्हणजे त्यांनी वाजवायची रचना, बहुधा चार भागांची.

शब्द मूळचा ग्रीक: ‘सिन’ म्हणजे सोबत, ‘फोने’ म्हणजे आवाज. व्युत्पत्तीने फारसं काही हाती लागत नाही, कारण कित्येक शतकं हा शब्द सैलच वापरला जाई. व्हेनिसच्या जोव्हान्नी गाब्रिएलीच्या १५९७ सालच्या ‘साक्रे सिंफोनिए’ संग्रहात चक्क गायच्या रचना आहेत.

आजच्या सिंफनीचं माहेर म्हणजे इटालियन ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक. सतराव्या शतकाच्या अखेरीस, अलेस्सांद्रो स्कार्लात्तीच्या काळात, ऑपेराच्या सुरुवातीला ‘सिन्फोनिया’ वाजू लागली. आधी जलद, मग संथ, पुन्हा जलद. संगीत नाटकातली नांदीच म्हणा, फक्त शब्दांविना. पुढे ही नांदी नाटक सोडून एकटीच वाजू लागली. मिलानच्या साम्मार्तिनीने अशा स्वतंत्र सिंफनी लिहिल्या, तर मानहाइमच्या दरबारात योहान श्टामित्सने मिन्युएट हा नाचाचा भाग घालून चार भागांची घडी बसवली.

मग आला ऑस्ट्रियाचा संगीतकार हायडन. त्याच्या क्रमांक दिलेल्या सिंफनीच १०४! तो एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याच्या पदरी होता. १७७२ साली प्रिन्स निकोलसचा उन्हाळी महालातला मुक्काम लांबत गेला आणि बायकामुलांना मागे ठेवून आलेले वादक कंटाळले. मालकाला तोंडावर सांगणार कोण? हायडनने ४५व्या सिंफनीच्या शेवटी एक संथ तुकडा जोडला. एकेक वादक आपलं वाजवून झालं की समोरची मेणबत्ती विझवून उठून जातो. शेवटी उरतात दोन व्हायोलिनं, तीही म्यूट, म्हणजे आवाज दबवणारा चिमटा, लावलेली. दुसऱ्याच दिवशी मुक्काम हलला म्हणतात. रजेचा इतका देखणा अर्ज दुसरा नसेल.

इथवर सिंफनी साधारण वीस-पंचवीस मिनिटांत आटोपायची. १८०५ साली व्हिएन्नात जाहीरपणे वाजलेली बेथोव्हनची तिसरी मात्र पाऊण तासाच्या पुढे गेली. तिचं नाव आधी नेपोलियनवरून ठेवायचं होतं; तो सम्राट झाल्याचं कळताच बेथोव्हनने ते इतकं खरवडलं की हस्तलिखिताला भोक पडलं.

ऑपेरातून बाहेर पडताना सिंफनीने गाणारे मागे सोडले होते. १८२४च्या नवव्या सिंफनीत बेथोव्हनने त्यांना परत आणलं: चार गायक आणि मागे मोठा गायकवृंद. पहिले तीन भाग संपेपर्यंत त्यांना गायला काहीच नसतं.