प्रकाशाच्या वाटेत काय, कुठे ठेवायचं

दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा पार्ल्याच्या दीनानाथमध्ये रंगमंचावर पानांची सावली पडते, झाड मात्र कुठेच नसतं. वर टांगलेल्या दिव्याच्या पोटात एक नक्षीदार चकती असते, तिला गोबो म्हणतात. मूव्हिंग हेडमध्ये, म्हणजे मोटरने वळणाऱ्या दिव्यात, ती साधारण दहाच्या नाण्याएवढी. साधी नक्षी पत्र्याची, रंगीत किंवा बारकाव्याची असेल तर काचेची. भिंग प्रतिमा उलटी पाडतं, म्हणून चकती आतच उलटी बसवतात.

या दिव्याची सगळी गंमत जागेत आहे. भिंगाच्या नेमक्या टप्प्यात ठेवलेली वस्तू पडद्यावर रेखीव उमटते. थोडी मागेपुढे सरकली की धूसर होते, आणखी सरकली की दिसतच नाही, फक्त उजेडावर परिणाम करते. रंगाचं चाक म्हणूनच या टप्प्यापासून जरा लांब असतं, नाहीतर त्याच्या कडा दिसल्या असत्या. गोबो मात्र बरोबर टप्प्यात.

काही दिव्यांत गोबोची दोन चाकं एकामागे एक असतात. एकात खिडकीचे गज, दुसऱ्यात पानं. ऑपरेटर कन्सोलवरचा, म्हणजे दिवे चालवायच्या पाटावरचा, फोकसचा नॉब हळूहळू फिरवतो, तसे गज विरघळतात आणि त्यांच्यातूनच पानं उगवतात. चकती बदललेली नसते, फक्त भिंग सरकलेलं असतं. मला विचाराल तर दहा चमकदार इफेक्टांपेक्षा हा एक संथ बदल सरस.

झोत बारीक करायचे मार्ग दोन, आणि नवखे त्यांत हमखास घोळ घालतात. आयरिस पात्यांनी कडेचा प्रकाश अडवतो. ठिपक्याचा व्यास निम्मा केला, तर क्षेत्रफळ चौथाई होतं आणि तीन चतुर्थांश प्रकाश आतच फुकट जातो; ठिपका लहान होतो, पण अधिक उजळ होत नाही. झूममध्ये भिंगं सरकतात आणि तोच प्रकाश चौथाई जागेत गोळा होतो, म्हणजे उजळपणा जवळपास चौपट. मात्र झूम हलवला की फोकस बिघडतो, तो पुन्हा लावावा लागतो. प्रिझम, म्हणजे पैलू पाडलेली काच, याच्या पुढचा: तीन पैलूंचा असेल तर एका नक्षीच्या तीन प्रती, आणि प्रत्येकीच्या वाट्याला तिसरा हिस्सा प्रकाश. फ्रॉस्ट, म्हणजे दुधी काच, वाटेत आणला की कडा मऊ.

कन्सोलवरून दिव्याला आकडे पाठवून हे सगळं हलवणारी डीएमएक्स ५१२ ही पद्धत १९८६ची. एका लाइनवर ५१२ चॅनल, प्रत्येकावर ० ते २५५ एवढाच आकडा. गोबो निवडायला तो पुरतो, दिवा वळवायला नाही. दिवा ५४० अंश फिरत असेल, तर एका आकड्याला दोन अंशांहून जास्त. १५ मीटरवर झोत अर्ध्या मीटरहून अधिक उडी मारेल. नटाच्या तोंडावरचा उजेड थेट विंगेत! म्हणून वळण्यासाठी दोन चॅनल जोडून ६५,५३६ पायऱ्या करतात. मग तीच उडी कागदावर दोन मिलिमीटरच्या आसपास येते. प्रत्यक्षात मोटर आणि पट्टा थोडी ढिलाई घालतातच.

लालबागच्या मंडपात किंवा बोरिवलीच्या गरब्यात शार्पी या अरुंद झोताच्या दिव्याचा उजेड हवेत खांबासारखा उभा दिसतो, तो हवेतल्या कणांमुळे. धुराच्या किंवा हेझच्या, म्हणजे यंत्राने सोडलेल्या विरळ धुक्याच्या, सूक्ष्म थेंबांवर प्रकाश विखुरला, तरच तो बाजूने आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. उघड्या मैदानात वारा सुटला आणि धूर उडाला, की दिवा पूर्ण ताकदीने चालू असूनही खांब गायब होतो, आणि आयोजक मात्र ऑपरेटरवर डाफरतो.