राष्ट्राचे नैतिक नवीकरण

पवित्र शास्त्राप्रमाणे जगणाऱ्या माणसांमुळे सगळ्या राष्ट्राचे आचरण सुधारते, हा यहुदी व ख्रिस्ती परंपरेतील विचार. नीतिमत्तेने राष्ट्र उंचावते, असे बायबलमधील नीतिसूत्रे या पुस्तकात (१४:३४) म्हटले आहे, आणि या विषयावर बोलताना बहुतेकांना हेच वचन आधी आठवते. पण नवीकरणात नेमके काय बदलायचे, हे संदेष्ट्यांनी अधिक रोखठोक सांगितले आहे. त्यांपैकी आमोस खोटे तराजू आणि वेशीत, म्हणजे त्या काळी जिथे निवाडे होत तिथे, नाकारला जाणारा न्याय यांवर बोट ठेवतो. सणांच्या व उपासनेच्या थाटाची तो पर्वा करत नाही.

यहूदाचा राजा योशीया याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, इ. स. पू. सुमारे ६२२ मध्ये, यरुशलेमेच्या मंदिराची डागडुजी चालू असताना मुख्य याजक हिल्कीया याला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. चिटणीस शाफान याने तो वाचून दाखवताच राजाने आपली वस्त्रे फाडली. हुल्दा या संदेष्टीचा कौल घेऊन त्याने लोकांसमक्ष करार केला, मूर्ती व उच्चस्थाने (टेकड्यांवरील पूजास्थळे) मोडून काढली आणि वल्हांडण, म्हणजे मिसरातून (इजिप्तमधून) झालेल्या सुटकेचा सण, पाळायला लावला. इ. स. पू. ६०९ मध्ये मगिद्दो येथे तो मारला गेला आणि सुधारणाही ओसरली. ती राजाज्ञेवर उभी होती, ही तिची मोठी उणीव म्हणावी लागेल. पुढे त्याचा मुलगा यहोयाकीम याने मजुरी न देता वाडा बांधवून घेतला. त्याला फटकारताना संदेष्टा यिर्मया (२२:१३–१६) बापाचा दाखला देतो, तो मूर्ती फोडल्याचा नव्हे, तर दीनदुबळ्यांना न्याय दिल्याचा.

पारसाच्या (इराणच्या) राजाने यहूदाचा सुभेदार नेमलेल्या नहेम्याच्या काळाचे (इ. स. पू. पाचवे शतक) उदाहरण याहून बोलके आहे. धान्यासाठी आणि राजाच्या करासाठी लोकांनी शेते व द्राक्षमळे गहाण टाकले होते. काहींची मुलेमुली दास्यात गेली होती. नहेम्याने सावकारी करणाऱ्या सरदारांना भर सभेत जाब विचारून जमिनी व व्याज परत करण्याची शपथ घ्यायला लावली. स्वतः त्याने बारा वर्षे सुभेदाराचा भत्ता घेतला नाही. त्यानंतर पाणीवेशीपुढच्या चौकात शास्त्री एज्राने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले, लेव्यांनी (मंदिरसेवा करणाऱ्या वंशातील लोकांनी) त्याचा अर्थ उलगडून सांगितला आणि ऐकणारे रडू लागले. तरीही नहेम्या काही काळ राजाकडे जाऊन परतला, तेव्हा शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवशी बाजार पुन्हा भरलेला होता. हा तपशील नहेम्याच्या पुस्तकाच्या लेखकाने झाकून ठेवला नाही, हे विशेष.

आधुनिक काळात नॉर्वेतील शेतकऱ्याचा मुलगा हान्स नील्सन हाउगे (१७७१–१८२४) याचे कार्य उल्लेखनीय ठरते. पाळकाच्या देखरेखीविना धार्मिक सभा भरवण्यास तिथे १७४१ च्या फर्मानाने मनाई होती. हाउगे गावोगाव पायी फिरून शास्त्र सांगत राहिला आणि १८०४ मध्ये अटकेत गेला. सचोटीने धंदा करणे हाही भक्तीचाच भाग, अशी त्याची शिकवण असल्याने त्याच्या अनुयायांनी कागद गिरण्यांसारखे उद्योग उभे केले. देशात मिठाची टंचाई झाली, तेव्हा मीठ तयार करण्याच्या कामासाठी सरकारने या कैद्यालाच काही काळ बाहेर काढले. ते फर्मान १८४२ मध्ये रद्द झाले. १९०४–०५ च्या वेल्समधील धार्मिक जागृतीचा गाजावाजा याहून मोठा झाला, पण तिचा जोर लवकरच मावळला.

ब्रिटनमध्ये संसद सदस्य विल्यम विल्बरफोर्सने गुलामांचा व्यापार बंद पाडणे आणि समाजाचे आचरण सुधारणे ही दोन ध्येये १७८७ मध्ये एकत्रच नोंदवली. व्यापार १८०७ मध्ये बेकायदा ठरला. बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला. भरपाईचे दोन कोटी पौंड मात्र मालकांना मिळाले, गुलामांना काही नाही. गुलामगिरीचे समर्थकही शास्त्रवचनेच पुढे करत. १८०७ मध्येच लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी छापलेल्या बायबलमधून इस्राएलाच्या मिसरातील सुटकेची कथा वगळलेली होती. म्हणून राष्ट्र शास्त्र मानते एवढ्यावरून काही ठरत नाही. कोणता भाग वाचला जातो आणि कोणाच्या सोयीने, हेही पाहावे लागते.

राष्ट्राने शास्त्राप्रमाणे चालावे या विचाराला खुद्द ख्रिस्ती गोटातूनही विरोध झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीतून हद्दपार झालेला पाळक रॉजर विल्यम्स याच्या मते इस्राएलाशी झालेला करार इतर कोणत्याही राष्ट्राला लागू नव्हता आणि सक्तीने करवून घेतलेली उपासना देवाला अपमानकारक होती. त्याने १६३६ मध्ये वसवलेल्या प्रॉव्हिडन्समध्ये शासनाची सत्ता नागरी बाबींपुरतीच ठेवण्यात आली.